पडद्यावरचा पुढारी आणि दप्तरातला हिशेब

(अक्कलकुवा येथे झालेल्या तालुका मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



कपाशीच्या भावावर बोलून झाले, ज्वारीच्या खरेदीवर बोलून झाले. जेवणाची वेळ जवळ आली आहे हे मला दिसते आहे. पण मघाशी जो ठराव मांडला गेला त्याच्यावर बोलल्याशिवाय उठता येणार नाही, आणि तो विषय दोन वाक्यांत आटोपण्यासारखा नाही.

ठराव असा आहे. येत्या निवडणुकीत आपल्या विरोधात उभा राहणारा जो पुढारी आहे, त्याच्या भानगडींवर कुणीतरी पाऊण तासाचा माहितीपट काढला आहे. मोबाईलवर तो फिरतो आहे. आपल्या काही तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे असे, की संघटनेने पडदा आणि यंत्र भाड्याने घ्यावे आणि आठवडी बाजाराच्या गावी संध्याकाळी तो दाखवावा. भाषणाला पन्नास माणसे येतात, पडद्याला पाचशे येतात, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. माझ्यासारखा माणूस तासभर बोलला तर मागचे लोक तंबाखू मळायला लागतात, हे मी वीस वर्षे पाहतो आहे.

मी तो माहितीपट दोनदा पाहिला. त्या पुढाऱ्याविषयी मला प्रेम नाही. त्याच्या ताब्यातल्या सहकारी जिनिंग-प्रेसिंग सोसायटीत तुमच्यापैकी कितीतरी लोकांचे कापसाचे पैसे अडकलेले आहेत. तेव्हा मी जे बोलणार आहे ते त्याला वाचवायला बोलतो आहे असे कुणी समजू नये. त्याचे नावही मी इथे घेणार नाही, कारण आज त्याचा न्याय करायचा नाही. अशा चित्रपटाचे संघटनेने काय करायचे, एवढेच ठरवायचे आहे.

पुढाऱ्याला पडद्यावर, कागदावर, जाहिरातीत बदनाम करण्याचा खेळ कसा चालतो आणि तो शेवटी कुणाच्या अंगावर येतो, हे समजून घ्यायला अक्कलकुव्याच्या माणसाला लांब जायची गरज नाही. आपल्याच तालुक्यात मणिबेली आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या 33 गावांपैकी धरणाला सर्वांत जवळचे गाव. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ तिथलेच. ते पाण्यात गेले. 1994 साली जगभरच्या सव्वातीनशेच्या वर संघटनांनी जागतिक बँकेला मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवा असे पत्र लिहिले, त्याला नाव दिले ‘मणिबेली जाहीरनामा’. नंदुरबार जिल्हा तेव्हा झालाही नव्हता. तो 1998 सालचा. वॉशिंग्टनला मणिबेली आधी कळली आणि मुंबईला नंदुरबार नंतर कळले, असा हा प्रकार आहे.

आता पहिल्यांदाच सांगून टाकतो. धरणाच्या प्रश्नावर शेतकरी चळवळीत एकमत कधीच नव्हते. सौराष्ट्र-कच्छच्या कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी मिळत असेल तर धरण झालेच पाहिजे असे म्हणणारे आपल्यात होते, आजही आहेत. कोरडवाहू माणसाला पाण्याची किंमत मी काय सांगावी? मेधा पाटकरांच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही. शेतीमालाच्या बाजाराविषयी, बियाण्याविषयी त्यांचे आणि आपले पटत नाही. पण आज धरण बरे की वाईट हा विषय नाही. त्यांच्या बदनामीचे काय झाले, हा आहे.

नर्मदा पाणीतंट्याच्या लवादाने 1979 साली निवाडा दिला. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला विजेचा 27 टक्के हिस्सा आला. आणि बुडणाऱ्यांसाठी लवादाने लिहून ठेवले, की ज्याची जमीन जाते त्याला जमीनच द्यायची, दोन हेक्टरपेक्षा कमी नाही, आणि पाणी येण्याच्या एक वर्ष आधी पुनर्वसन पुरे करायचे. ही अट बघा कशी आहे. ही मोजता येते. मणिबेलीत घरे किती, दोन हेक्टर किती जणांना मिळाले, पाणी कोणत्या तारखेला आले, जमिनीचा ताबा कोणत्या तारखेला मिळाला. तलाठी मोजू शकतो, शाळेतले पोरही मोजू शकते. 1985 साली जागतिक बँकेने या धरणाला 45 कोटी डॉलरचे कर्ज कबूल केले. पुनर्वसनाच्या तक्रारी वाढल्यावर बँकेनेच 1991 मध्ये मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली, 1992 च्या जूनमध्ये समितीचा अहवाल आला, आणि 1993 च्या मार्चमध्ये उरलेले कर्ज भारत सरकारने नको म्हणून सांगितले. हे सगळे कशावर घडले? मोजता येणाऱ्या गोष्टीवर. जमीन दिली की नाही दिली.

आणि मग दुसरी गोष्ट सुरू झाली. ही बाई कोण? हिच्यामागे पैसा कुणाचा? परदेशाचा हस्तक तर नाही? हे मोजता येत नाही, भावांनो. याला तलाठी नाही आणि सातबाराही नाही. घर किती बुडाले याचे उत्तर सरकारला द्यावे लागते, पण परदेशी हस्तक आहेस की नाहीस याचे उत्तर त्या बाईला द्यावे लागते. बदनामीचा सगळा व्यवहार एवढाच आहे. प्रश्न विचारणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले की मूळ प्रश्न आपोआप फाईलबंद होतो.

सर्वोच्च न्यायालयाचा धरणाविषयीचा निकाल 18 ऑक्टोबर 2000 रोजी लागला. धरण बांधायला परवानगी मिळाली. आंदोलन कोर्टात हरले. हरलेल्या माणसाच्या मागे लागायचे कारण काय उरते? पण महिनाही झाला नाही तोच 10 नोव्हेंबरला वर्तमानपत्रात जाहिरात आली. मेधा पाटकर आणि त्यांच्या नर्मदा बचाव आंदोलनाचा खरा चेहरा, अशा मथळ्याची. देणारी संस्था अहमदाबादची, नॅशनल कौन्सिल फॉर सिव्हिल लिबर्टीज, तिचे अध्यक्ष व्ही. के. सक्सेना. हे गृहस्थ पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे अध्यक्ष झाले आणि 2022 मध्ये दिल्लीचे उपराज्यपाल झाले. याच संस्थेने आंदोलनाच्या परदेशी पैशाची चौकशी करा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिकाही केली होती. 10 जुलै 2007 ला न्यायालयाने ती फेटाळली. ही जनहिताची याचिका नव्हे, खाजगी हिताची आहे असे सांगून पाच हजार रुपये खर्चही बसवला. सात वर्षे गावोगाव फिरलेल्या आरोपाची कोर्टातली किंमत पाच हजार रुपये, आणि तीही आरोप करणाऱ्याने भरायची! निकाल आला तेव्हा तो कुणी वाचला? जाहिरात मोठ्या अक्षरात असते, निकाल आतल्या पानावर चार ओळीत असतो.

इथे थांबलो तर तुम्ही टाळ्या वाजवाल आणि घरी जाल. पण गोष्ट इथे थांबत नाही, आणि जो भाग उरला आहे तोच आपल्या ठरावाला लागू पडतो.

त्या जाहिरातीनंतर त्याच नोव्हेंबरच्या अखेरीला मेधा पाटकरांच्या नावाने एक प्रसिद्धिपत्रक निघाले. त्याचा मथळा काय होता? ‘देशभक्ताचा खरा चेहरा’. म्हणजे त्यांनी हिचा खरा चेहरा दाखवला, हिने त्यांचा खरा चेहरा दाखवला. पत्रकात असे लिहिले होते, की हे सक्सेना स्वतःच मालेगावला आले होते, आंदोलनाची स्तुती केली होती, चाळीस हजारांचा धनादेश दिला होता आणि तो वटला नाही. शिवाय हवालाच्या व्यवहाराचा उल्लेख होता, भित्रा म्हटले होते. सक्सेनांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. 2001 साली अहमदाबादला लागलेला खटला 2003 मध्ये दिल्लीला गेला. चालत राहिला, चालत राहिला. 24 मे 2024 रोजी साकेतच्या न्यायालयाने मेधा पाटकरांना दोषी ठरवले. जुलैमध्ये पाच महिन्यांची साधी कैद आणि दहा लाख रुपये भरपाई अशी शिक्षा झाली. पत्रक आपण काढलेच नाही, हे त्यांचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये वरच्या न्यायालयाने दोष कायम ठेवून चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडले आणि रक्कम एक लाखावर आणली. उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ते कायम केले. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2025 ला पैशाचा दंड काढून टाकला, पण दोषी असल्याचा शिक्का तसाच ठेवला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. चाळीस वर्षे डोंगरदऱ्यांत काढलेल्या बाईवर परदेशी पैशाचा आरोप झाला, तो न्यायालयात टिकला नाही. आणि उलट दिशेने गेलेले एक पानभर पत्रक चोवीस वर्षांनी तिच्याच गळ्यात पडले. मला स्वतःला ही शिक्षा पटत नाही. सार्वजनिक भांडणातल्या शब्दासाठी माणसाला तुरुंगाची शिक्षा असूच नये, या मताचा मी आहे, मग तो माणूस कुणाच्याही बाजूचा असो. पण कायदा आहे तो आहे. पूर्वी भारतीय दंड विधानात होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि ज्याच्याकडे पैसा आहे, वकील आहे, त्याला चोवीस वर्षे खटला चालवणे परवडते. मोलगीच्या कार्यकर्त्याला दिल्लीच्या तीन तारखा परवडत नाहीत.

आता कुणी म्हणेल, आपण कुठे पत्रक काढतो आहोत? चित्रपट दुसऱ्याने काढला, आपण फक्त पडदा लावणार. कायदा असे बघत नाही. बदनामीचा मजकूर पोचवणाराही त्यात येतो. आणि तो दुसरा कोण आहे, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे? पूर्ण पाऊण तासात बनवणाऱ्याचे नाव नाही. गाव नाही, तारीख नाही. साधे निवडणुकीचे हँडबिल छापायचे झाले तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 127-क कलमाप्रमाणे त्याच्यावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता टाकावा लागतो. पन्नास पैशाच्या कागदाला बाप लागतो, आणि हा पाऊण तासाचा चित्रपट बेवारस फिरतो आहे. बेवारस जनावर दारात आले तर आपण दावणीला बांधतो का? आधी विचारतो, कुणाचे आहे.

मी शेतकी कॉलेजातून शिकून आलेला माणूस आहे. मला चित्रपटातले कळत नाही, पण प्रात्यक्षिक प्लॉट कसा उभा करतात ते चांगले कळते. कंपनीचा माणूस गावात येतो, रस्त्याच्या कडेचे शेत निवडतो, विहिरीजवळचे, काळ्या जमिनीचे. त्यात आपले बियाणे लावतो. शेजारी तुलनेला दुसरे बियाणे लावायचे ते मुरमाड तुकड्यात, खत निम्मे, पेरणी दहा दिवस उशिरा. मग शेतकऱ्यांना ट्रॅक्टरमधून आणून दाखवतो, फोटो काढतो. फोटो खोटा नसतो. झाड खरे, बोंडे खरी. खोटी असते ती तुलना, आणि ती फोटोत दिसत नाही. बदनामीच्या चित्रपटातही तसेच असते. बंगला खरा, गाडी खरी, लग्नातल्या गर्दीचे चित्र खरे. त्या चित्राला जोडून जो आवाज मागून बोलतो, त्याचा पुरावा पडद्यावर नसतो. आपल्या या माहितीपटात जिनिंग सोसायटीचे कुलूप दाखवले आहे, लगेच पुढाऱ्याचा बंगला दाखवला आहे. मधे काही नाही. प्रेक्षकाच्या डोक्यात पैसा कुलपातून निघून बंगल्यात गेला. कुणी तसे म्हटले का? नाही. म्हणायची गरजच ठेवली नाही.

गुलाबी बोंडअळीने 2017 साली आपल्याला कसे धुतले ते आठवते ना? त्यानंतर तुम्हीच शिकलात, की बांधावरचे एक किडके बोंड बघून फवारणीचा डबा उचलायचा नाही. एकरात इकडून तिकडून फिरून वीस हिरवी बोंडे तोडायची, फोडायची. त्यात दोन ठिकाणी अळी सापडली म्हणजे दहा टक्के, तिथे नुकसानीची पातळी आली, मग औषध. चित्रपट बनवणारा वीस बोंडे फोडत नाही. तो एक किडके बोंड शोधतो आणि कॅमेरा जवळ नेतो.

हा उद्योग आपल्याकडेच चालतो असे नाही. अमेरिकेत 1994 साली अध्यक्ष क्लिंटन यांच्यावर ‘द क्लिंटन क्रॉनिकल्स’ नावाची व्हिडिओ कॅसेट निघाली. लाच, अमली पदार्थ, इतकेच नाही तर माणसे मारल्याचे आरोप. त्यात मुख्य बोलणारा माणूस कोण, तर क्लिंटन राज्याचे गव्हर्नर असताना सरकारी नोकरीतून काढला गेलेला. जेरी फॉलवेल नावाच्या धर्मोपदेशकाने टीव्हीवरून तिचा प्रचार केला, ती विकली. त्या प्रचारात एक शोधपत्रकार अंधारात बसवून दाखवला होता. फक्त सावली दिसते, जिवाला धोका आहे म्हणून चेहरा झाकलाय म्हणे. पुढे 1998 मध्ये उघड झाले, की तो पत्रकार म्हणजे कॅसेट बनवणारा इसमच होता! आपल्या माहितीपटातही एक माणूस उपरण्याने तोंड झाकून बोलतो. तो खरोखरच भ्यालेला सभासद असेल. नसेलही. तुम्हाला कसे कळणार?

आणि गंमत पुढे आहे. ज्या सरकारी वकिलाच्या आत्महत्येवरून खुनाची हूल उठवली होती, तिची चौकशी एकदा नव्हे, अनेकदा झाली. क्लिंटनच्या मागे हात धुऊन लागलेल्या केनेथ स्टार यांनीसुद्धा 1997 मध्ये ती आत्महत्याच असे लिहून दिले. पण क्लिंटन धुतल्या तांदळाचे होते का? नव्हते. ते शपथेवर खोटे बोलले म्हणून 1998 च्या डिसेंबरात त्यांच्यावर महाभियोग लागला. 1999 च्या फेब्रुवारीत सुटले. का सुटले याची कारणे पुष्कळ आहेत. पण एक माझ्या समजुतीने असे, की पाच वर्षे लोकांनी इतके खोटे ऐकले होते, की खरे समोर आले तेव्हा अर्ध्या लोकांना तेही त्याच कॅसेटमधले वाटले. अशा चित्रपटांना मी घाबरतो ते यासाठी. ते विरोधी पुढाऱ्याला मारत नाहीत, त्याला कवच देतात. उद्या आपण सोसायटीच्या ताळेबंदाचा कागद घेऊन उभे राहिलो, तर तो हसून सांगेल, हे त्या सिनेमावाल्यांचेच आहे.

तिथलीच आणखी एक गोष्ट, ती पैशाची. 2008 मध्ये हिलरी क्लिंटन अध्यक्षपदाच्या शर्यतीत असताना त्यांच्याविरुद्ध ‘हिलरी: द मूव्ही’ निघाला, सिटिझन्स युनायटेड नावाच्या संस्थेचा. निवडणुकीच्या तोंडावर तो दाखवायचा की नाही यावर खटला झाला आणि 21 जानेवारी 2010 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निकाल दिला, की कंपन्यांनी निवडणूक प्रचारावर स्वतंत्रपणे हवा तितका खर्च करावा, सरकारने अडवू नये. एका बाईच्या बदनामीच्या चित्रपटातून कंपन्यांच्या थैलीचे तोंड सुटले. आपल्याकडे पाऊण तासाचा चित्रपट बनवायला काही लाख लागतात. ते कुणी घातले? कापूस उत्पादकाने तर नाही. ज्याने घातले तो उद्या वसूल कुणाकडून करणार?

तरुण कार्यकर्त्यांचा चेहरा उतरलेला दिसतो. माझे म्हणणे असे नाही, की बाजू घेणारा चित्रपट वाईट. बाजू कुणी घ्यायचीच नाही तर चळवळ कशाला? जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधकांनी जलसे केले, शेटजी-भटजींना तमाशाच्या फडात उभे करून गावाला हसवले. पण जलसा करणारा तोंड झाकत नव्हता. समोर गावात उभा राहत होता, सावकाराच्या डोळ्यांदेखत, आणि मार खायची तयारी ठेवून. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी 1995 साली ‘नर्मदा डायरी’ हा माहितीपट केला, त्यात मणिबेलीची माणसे आहेत. तो उघडउघड आंदोलनाच्या बाजूचा आहे. धरण हवे म्हणणाऱ्याला त्याचा राग येईल, आणि यावा. पण त्याच्यावर बनवणाऱ्यांची नावे आहेत. बोलणारी माणसे आपल्या घरासमोर, आपल्या चेहऱ्याने बोलतात. चूक असेल तर बनवणाऱ्याला गाठून भांडता येते. मला त्यातल्या काही गोष्टी एकतर्फी वाटतात, आणि तरी मी तो कोणत्याही गावात लावीन, शेजारी धरणाच्या बाजूच्या माणसाला खुर्ची देऊन.

आणि चित्रपट बंद पाडणे हा उपाय तर मुळीच नाही. 2006 साली आमिर खानने बुडिताच्या लोकांना जमीन द्या एवढेच म्हटले, तर त्याचा ‘फना’ गुजरातेतल्या थेटरांत लागू दिला नाही. त्या सिनेमाचा धरणाशी काडीचा संबंध नव्हता! तसले काम आपल्या संघटनेने करायचे नाही. हा माहितीपट ज्याला मोबाईलवर बघायचा त्याने बघावा. प्रश्न संघटनेच्या बॅनरखाली दाखवण्याचा आहे.

शिवाय तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल, या माहितीपटात त्या पुढाऱ्याच्या बायकोचे आजारपण आहे, मुलीचे लग्न कुणाशी झाले ते आहे, आणि त्याची जमात कोणती यावरून एक टोमणा आहे. मायबहिणी इथे बसल्या आहेत. सोसायटीने तुमचे चुकारे थकवले, यात त्या पोरीचा काय दोष? ज्या डोंगरात काठीच्या राजवाडी होळीला सगळ्या पाड्यांची माणसे रात्रभर एकत्र नाचतात, तिथे पडदा लावून आपण जमातीवरून टोमणे दाखवायचे? तो भाग कापून दाखवू, असे मघाशी एक भाऊ म्हणाले. मग तो आपण बनवलेला चित्रपट झाला, आणि त्याची जबाबदारी आपली.

तर करायचे काय? मोजता येते ते मोजायचे. लवादाने दोन हेक्टर म्हटले होते तसे इथेही आकडे आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 सालचा आहे. त्याच्या 32 व्या कलमात सभासदाला सोसायटीच्या कचेरीत बसून फुकट दप्तर बघायचा हक्क आहे. लेखापरीक्षण झालेला शेवटचा ताळेबंद, नफातोटा पत्रक, सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते, समितीच्या सभांची इतिवृत्ते, आणि आपल्या स्वतःच्या खात्याची पाने. नकला पाहिजेत तर फी भरून महिन्याच्या आत द्याव्या लागतात. तुमच्यापैकी किती सभासदांनी हे दप्तर उघडून बघितले आहे? हात वर करा. ...एक. दोन. पाऊण तासाचा चित्रपट इथल्या निम्म्या लोकांनी बघितला आहे, आणि दप्तर दोघांनी.

81 वे कलम लेखापरीक्षणाचे आहे. ते दरवर्षी व्हायला पाहिजे. झाले का, कोणत्या वर्षापर्यंत झाले, त्यात लेखापरीक्षकाने कोणते दोष काढले, हे सगळे निबंधकाच्या कचेरीत असते. ते माहितीच्या अधिकारात मागता येते. दहा रुपयांचे तिकीट, तीस दिवसांची मुदत, दारिद्र्यरेषेखाली असेल तर तिकीटही नको. ठराविक संख्येने सभासदांनी अर्ज केला तर 83 व्या कलमाखाली निबंधकाला चौकशी लावता येते. आणि चौकशीत कुणी पैसा खाल्ला असे निघाले तर 88 व्या कलमाखाली त्या माणसाकडून तो वसूल करता येतो, त्याच्या स्वतःच्या मालमत्तेतून. पडद्यावर दाखवून तुमचा एक रुपया परत येणार नाही. 88 खाली येऊ शकतो. वेळ लागेल, अधिकारी टोलवाटोलवी करतील, तारखा पडतील, हे मला माहीत आहे. पण त्या कागदावर सही-शिक्का असेल, आणि तो कागद वाचून दाखवल्याबद्दल खटला लावणे कुणालाही जड जाईल.

कागद हातात आल्यावर पाहिजे तर चित्रपट आपणच काढू. या पोरांच्या हातात मोबाईल आहेत, ती माझ्यापेक्षा हुशार आहेत. ज्यांचे चुकारे थकले ते शेतकरी आपल्या नावाने, आपल्या चेहऱ्याने, आपल्या पावत्या हातात धरून बोलतील. दहा मिनिटे पुरे. सुरुवातीला संघटनेचे नाव टाकू. त्या पुढाऱ्यालाही कॅमेऱ्यासमोर उत्तर द्यायला बोलावू. तो आला तर त्याचे उत्तर न कापता दाखवू. नाही आला तर रिकामी खुर्ची दाखवू.

एक अडचण आहे ती सांगतो. 32 चा अर्ज सभासदालाच करता येतो, संघटनेला नाही. मी सभासद नाही, माझा कापूस तिथे कधी गेला नाही. अर्जाचा मजकूर मराठीत तयार करून आणला आहे, टेबलावर आहे. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा चालतो, साक्षीदार दोन लागतील. अर्जाबरोबर भागाच्या दाखल्याची झेरॉक्स जोडायची. ज्यांचा दाखला हरवला आहे त्यांनी पासबुकाचे पान किंवा जुनी काट्याची पावती आणावी. सोमवारी सकाळी अकराला सोसायटीच्या दारात जमायचे. कुलूप असेल तर तिथूनच सहाय्यक निबंधकाच्या कचेरीत जायचे, कुलूप होते असा पंचनामा करून, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठायचे नाही.

ठराव मागे घ्यायचा की मतास टाकायचा ते मांडणाऱ्यांनी जेवणानंतर सांगावे.